दहशत कोणाची, धसका कोणाला?



या व्याख्यानाच्या पत्रिकेवर 'दहशत' हा शब्द पाहून काही जणांनी मला विचारले, की यंदा तुम्ही सीमेपलीकडच्या कारवायांवर बोलणार काय? तो माझा विषय नव्हे. मी गोदावरी, मांजरा आणि तेरणा या तीन नद्यांच्या काठच्या माणसांबद्दल बोलणार आहे. नांदेड-लातूरकडचा माणूस पराकोटीचा घाबरतो तेव्हा त्यासाठी कोणता शब्द उचलतो, तोच का उचलतो आणि त्यातून त्याच्याबद्दल आपल्याला काय कळते, एवढाच माझा विषय आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात शब्दाचा अर्थ विचारत नसत. 'वाक्यात उपयोग कर' म्हणत. आज मीही तोच उद्योग करणार आहे.

भीतीसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. भय, धाक, वचक, दरारा, धास्ती, धडकी, धसका, दहशत. बोलीत 'भ्या' आणि 'भेव'. शिवाय बोबडी वळते, दातखीळ बसते, गाळण उडते, पाचावर धारण बसते, धाबे दणाणते. शाळेच्या पुस्तकात यातल्या निम्म्या वाक्प्रचारांपुढे एकच अर्थ छापलेला असतो: खूप घाबरणे. पोरे तो पाठ करतात, मार्क पदरात पाडून घेतात आणि प्रकरण मिटते. प्रत्यक्षात हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. किती भीती, यापेक्षा ती कोठून आली आणि अंगात कोठे जाऊन बसली, यावरून बोलणारा शब्द निवडतो.

हे क्रियापदांवरून कळते. दहशत 'माजवतात', 'बसवतात', 'पसरवतात', आणि एखादा खमका अधिकारी आला तर ती 'मोडून काढतात'. ही सगळी कोणीतरी करण्याची कामे आहेत. दहशतीला मालक लागतो. 'गावात दहशत आहे' असे कोणी म्हणाले, की ऐकणारा लगेच विचारतो, 'कोणाची?' धसक्याचे तसे नाही. धसका 'बसतो' किंवा माणूस तो 'घेतो'. काळजात धस्स होते, तो क्षण निघून जातो आणि मागे जे उरते तो धसका. 'बापानं धसका घेतला आणि महिन्यात गेला,' असे आपण सहज बोलतो. 'बापानं दहशत घेतली' असे वाक्य मराठीत होत नाही. दुसरे म्हणजे माणसे दहशतीच्या 'खाली' राहतात, दहशतीखाली वावरतात. धसक्याच्या खाली कोणी राहत नाही, कारण धसका आत असतो. दहशत डोक्यावर, धसका उरात. हे कोणी ठरवून केलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या बोलून बोलून भाषेने हा भेद पाडला आहे, आणि मराठवाड्याने या दोन्ही शब्दांची किंमत मोजलेली आहे.

दहशत हा शब्द मुळात अरबी. तिकडे त्याचा अर्थ आश्चर्याने थक्क होणे, भांबावून जाणे असा. फारसी-उर्दूच्या वाटेने येईपर्यंत त्यात भय मुरले. आपल्याकडे तर निजामाच्या राज्यात कचेरीची भाषाच उर्दू होती, त्यामुळे हा शब्द मराठवाड्यात पाहुण्यासारखा राहिला नाही, घरचाच झाला. पण त्या काळातला खरा भीतीचा शब्द दहशत नव्हे. तो शब्द 'रझाकार'.

या शब्दाची गंमत पाहा. गंमत म्हणायला जीभ कचरते, तरी म्हणतो. 'रझा' म्हणजे राजीखुशी, मर्जी. आपण ऑफिसात 'रजा' टाकतो ती हीच; 'राजी' होतो तो हाच; मंत्री 'राजीनामा' देतात त्यातही हीच. रझाकार म्हणजे स्वतःच्या मर्जीने काम करणारा, स्वयंसेवक. शब्दकोशात याहून निरुपद्रवी शब्द सापडणे कठीण. आणि आमच्याकडे आजही एखाद्या खेड्यातली म्हातारी 'रझाकार' म्हणताना आवाज खाली आणते.

या स्वयंसेवकांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. हैदराबाद संस्थानात इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रे त्याच्या हाती आली आणि १९४७-४८ च्या दीड वर्षात त्या शब्दाचा अर्थ कायमचा बदलला. गावे लुटली गेली, जाळली गेली. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच मारले गेले होते. पुढे लोक घरदार सोडून सरहद्दीपलीकडे बार्शी, सोलापूर, उमरखेडच्या बाजूला गेले. तिथल्या कॅम्पांतून प्रतिकार उभा राहिला, प्रतिकार करणाऱ्यांनी उमरीची बँक लुटली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा तो लढा नांदेडच्या श्रोत्यांना मी सांगावा असे नाही. इथले विद्यापीठच त्यांच्या नावाचे आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

ती दहशत होती, शब्दाच्या पुऱ्या अर्थाने. तिला मालक होता, संघटना होती, वर्दी होती. लोक ती कोणाची हे नाव घेऊन सांगत. म्हणूनच ती मोडताही आली. मालक पकडला गेला, तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला. शब्द मात्र इथेच राहिला. अजूनही कोणी दांडगाई करू लागला की 'काय रझाकारी लावलीय' असे ऐकू येते, जशी 'मोगलाई लागून गेली काय' ही जुनी तक्रार ऐकू येते. हा शब्द असा आमच्याकडेच बिघडला असेही नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराच्या बाजूने उभ्या राहिलेल्या टोळ्यांचे नावही रझाकारच होते. बांगलादेशात तो शब्द मोठी शिवी ठरला. २०२४ च्या जुलैत ढाक्यातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्या ठिणगीत हाही एक शब्द होता. तिथल्या पंतप्रधानांनी तो आंदोलकांना उद्देशून वापरल्याचा विद्यार्थ्यांना राग होता. पुढच्याच महिन्यात त्या पंतप्रधानांना देश सोडावा लागला.

आता मी जे बोलणार आहे ते काहींना आवडणार नाही. तरी या व्यासपीठावर ते बोलले पाहिजे.

आपल्या घरांत 'ॲक्शन', म्हणजे सप्टेंबर १९४८ ची ती फौजी कारवाई, हा शब्द सुटकेचा आहे. पोलीस ॲक्शन झाली, रझाकार पळाले, तिरंगा लागला. जुनी माणसे वर्षे अशीच मोजत: रझाकाराचे साल, ॲक्शनचे साल, बहात्तरचा दुष्काळ, भूकंपाचे साल. पण याच नांदेडात, याच लातुरात दुसऱ्या गल्लीत 'ॲक्शन' हा शब्द भीतीचा आहे. सप्टेंबर १९४८ नंतरच्या आठवड्यांत सूड उगवला गेला आणि तो रझाकारांपुरता थांबला नाही. ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती अशी मुसलमान घरे त्यात गेली. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस या भागाचा दौरा केला. सर्वाधिक झळ लागलेले म्हणून तिने जे चार जिल्हे सांगितले त्यात उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन आपली नावे आहेत. बाकीची दोन गुलबर्गा आणि बिदर. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, आणि लातूर शहराचा त्या अहवालात स्वतंत्र उल्लेख आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही.

म्हणजे एकाच शब्दाने एका घरात दिवा लागतो आणि शेजारच्या घरात दार बंद होते. पहिल्या दहशतीचे नाव सगळ्यांनी घेतले. दुसऱ्या दहशतीला मालकच लाभला नाही. 'त्या वेळी तसं झालं' एवढ्यावर तिची बोळवण झाली. ज्या दहशतीचा मालक कोणी सांगत नाही, ती मोडून काढता येत नाही. ती मग हळूहळू धसका होऊन माणसांच्या आत जाऊन बसते. त्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांशी बोलून पाहा, ते 'दहशत' म्हणत नाहीत. ते काहीच म्हणत नाहीत.

आता धसक्याकडे येतो. त्यासाठी किल्लारीला गेले पाहिजे.

२९ सप्टेंबर १९९३ ही अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, मिरवणुकीत नाचून लोक दमून झोपले. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ६.२ तीव्रतेचा भूकंप, तोही जेमतेम दहा किलोमीटर खोलीवर. औसा तालुक्यातले किल्लारी, आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर आणि भोवतालची गावे मिनिटभरात भुईसपाट झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली. नंतर ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. तोपर्यंत दख्खनचे हे पठार भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात मोडत होते. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसराला कितीतरी धक्के बसले होते. तेव्हा लोकांना धास्ती होती. धास्ती ही पुढे येणाऱ्या गोष्टीची असते. काही आले नाही की ती विरते. ती विरली, आणि मग ते आले.

माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे तर ती घरांनी मारली. तिकडच्या जुन्या घराची रचना नव्या पिढीला ठाऊक नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. भिंत दोन-अडीच फूट रुंद, काही वाड्यांत त्याहूनही जाड. दगड मातीत बसवलेले, चुना नाही, सिमेंट नाही. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आडवा लांब दगड बहुधा नाहीच. आत लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचे जाड माळवद. पावसाळा तोंडावर आला की माळवद गळू नये म्हणून त्यावर नवी पांढरी माती पसरायची. जुनी काढत नसत, जुनीवरच नवी. आजोबांनी टाकली, बापाने टाकली, पोराने टाकली. दर वर्षी छत थोडे जड होत गेले. उन्हाळ्यात असे घर गार आणि चोराचिलटाला फोडायला अवघड. चोराचे भय आणि उन्हाचा ताप यांतून जे बांधले, त्याच्याच खाली माणसे गाडली गेली.

या मातीच्या सपाट छताला मराठीत दुसरा शब्द आहे: धाबे. धाब्याचे घर. हमरस्त्यावर जेवण मिळते तो ढाबा वेगळा. घाबरून अंगातले त्राण गेले की 'धाबे दणाणले' म्हणतात, त्यातले धाबे हे. डोक्यावरचे छत दणाणणे, याहून मोठी भीती या वाक्प्रचाराला ठाऊक नव्हती. लातूरकडे छताला माळवद म्हणण्याचीच रीत, त्यामुळे 'धाबे दणाणले' लिहिणाऱ्या पोराला आपण छताबद्दल बोलतो आहोत याचा पत्ता नसतो. त्या पहाटे शब्दशः धाबी दणाणली आणि खाली आली. मला विचाराल तर आता या वाक्प्रचाराचा अर्थ शिकवताना मास्तरांनी किल्लारीचे नाव घ्यायलाच हवे. हेडलाईनमध्ये 'निवडणूक निकालाने अमक्याचे धाबे दणाणले' असे मी वाचतो तेव्हा वाटते, हा वाक्प्रचार काही वर्षे तरी राजकारण्यांना वापरू देऊ नये. 'राजकीय भूकंप' हा त्याचाच भाऊ. मुंबईत बसून तो लिहिणे सोपे आहे.

पुढच्या काळात जे झाले त्याला तिथले लोक दहशत म्हणाले नाहीत. भूकंपाला मालक नसतो. ते म्हणाले धसका. नवी पक्की घरे मिळाली तरी माणसे अंगणात पत्र्याचे शेड ठोकून त्यात झोपत. पत्रा उन्हात तापतो, थंडीत गारठतो, पावसात कान किटवतो. पण पडला तर माणूस मरत नाही. रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि मांडणीवरचे भांडे वाजले की माणूस दारात. गणपती बोळवायचा म्हटले की काही घरांत आजही बोलणे थांबते. हे डरपोकपणाचे लक्षण नव्हे. अंगाने शिकलेली गोष्ट अंग विसरत नाही. धसका हा आजार आहे आणि बोलीला ते डॉक्टरांच्या आधी कळले होते. म्हणून तर 'धसक्यानं गेला' हे आपल्याकडे मरणाचे कारण म्हणून सांगितले जाते. अशा माणसाला 'भिऊ नकोस, काही होत नाही' म्हणून भागत नाही. त्याला बोलते करावे लागते, गरज पडली तर औषध द्यावे लागते. सरकारने २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली आहे, तिथे फोनवर समुपदेशन मिळते. तेवढे लक्षात ठेवा.

नांदेडकरांना हे परके वाटू नये. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेड शहर रस्त्यावर आले. १० जुलैला पुन्हा तेवढाच. दोन्ही वेळा फोनवर सगळ्यांच्या तोंडी किल्लारीच होती. ज्यांचा जन्म १९९३ नंतरचा त्यांच्याही. धसका वारसाहक्काने मिळतो, सातबाऱ्यावर नाव लावावे लागत नाही.

बाकीच्या शब्दांवर फार वेळ घेत नाही. 'पाचावर धारण बसणे' यातली धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयाला पाचच शेर मिळू लागले की लोकांचे प्राण कंठाशी येत, अशी त्याची उपपत्ती सांगतात. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ती पटते. 'तोंडचे पाणी पळणे' हे आमच्याकडे २०१६ साली अलंकारिक उरले नाही. मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला पाजावे लागले. आणि आता लातुरात शिकवणीच्या गल्लीत उभे राहून ऐका. राज्यभरातून नीटच्या तयारीला आलेली पोरे भीतीचे सगळे प्रकार एकाच शब्दात बसवतात: टेन्शन. पेपरचे टेन्शन, घरून पैसे येण्याचे टेन्शन, बाबांच्या कर्जाचे टेन्शन. माझा इंग्रजी शब्दाला विरोध नाही. पण एखादे पोर 'टेन्शन आलंय' म्हणते तेव्हा ती धास्ती आहे की धसका, हे वसतिगृहाच्या रेक्टरला कळत नाही. धास्ती पेपरनंतर उतरते, धसका उतरत नाही.

शेवटी पुन्हा दहशतीकडे, कारण तिची सध्या चैन चालू आहे. धाक, वचक, दरारा हे शब्द मराठीत कौतुकाचे आहेत. बापाचा धाक, पोलिसांचा वचक, हेडमास्तरांचा दरारा. त्यात भीती आहे, तशीच मान्यताही आहे. दहशतीला असे कौतुक कधी नव्हते. आता ते आले आहे. दुचाकीच्या मागे, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, मोबाईलच्या रीलवर 'दहशत' हा शब्द मिरवला जातो. वीस वर्षांचे पोर गॉगल लावून, हात बांधून उभे आणि खाली लिहिलेले 'भाईंची दहशत'. ज्या मुलखात आजी अजून रझाकार म्हणताना आवाज खाली आणते, तिथला नातू हे लिहितो. ९ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली. नंतरचे कित्येक महिने मराठवाड्यात दहशत या शब्दाखेरीज बोलणे होत नव्हते. तेव्हा तरी लोकांनी 'कोणाची?' हा प्रश्न मोठ्याने विचारला. एरवी आपण काय लिहितो? 'परिसरात दहशतीचे वातावरण.' वातावरण! जणू ढग आले. बिबट्याची दहशत, मोकाट कुत्र्यांची दहशत हे आपण नाव घेऊन छापतो, आणि माणसाने माजवलेली असली की तिचे वातावरण होते.

इथे काही वार्ताहर बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे: दहशत हा शब्द लिहाल तेव्हा त्याच्याआधी षष्ठीचा प्रत्यय लावून नाव लिहा. नाव लिहिता येत नसेल, तर तो शब्दही लिहू नका. 'लोक घाबरले आहेत' एवढे लिहा, ते खरे असेल.

आणि इथे जे विद्यार्थी आहेत त्यांच्यासाठी एक काम. आपल्या गल्लीतल्या आणि शेजारच्या गल्लीतल्याही, दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. रझाकाराचे साल आणि ॲक्शनचे साल त्यांनी कसे काढले ते त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा. शब्द सुधारू नका, प्रमाण मराठीत आणू नका, दखनी बोलत असतील तर दखनीच राहू द्या. किल्लारीच्या माणसांचेही घ्या, पण त्यांच्यासाठी अजून थोडा अवधी आहे. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते, ते आता नव्वदीला टेकले आहेत.